त्या चपलेत मजा काय हाय

…आणि चप्पल तरी कसली, तर न्हाणीतली. निळ्या पट्ट्याची, टाच झिजलेली, आणि तीसुद्धा एकच. दुसरी हरवलेली. म्हणजे गेमचा हिरो कोण, तर ही एका पायाची चप्पल, आणि हिनं करायचं काय, तर घरभर उड्या मारत आपली जोडीदारीण हुडकायची. बस्स. बंदूक नाही, गाडी नाही, क्रिकेट नाही, कुणाला मारायचं नाही. तुम्हाला सांगतो, आमचे आनंदराज सर त्या मोबाईलकडं असे बघत उभे होते, जसा काही कुणी सिलॅबसच्या बाहेरचा प्रश्न टाकलाय. पोरगी बारावीला, गाव लातूर, महिना डिसेंबर, आणि ही बाई भर दुपारी खोलीत एकटी बसून चपलेकडं बघून हसून राहिली. हसून, बरं का. अहो, लातुरात बारावीचं लेकरू डिसेंबरमध्ये हसलं तर आईबाप आधी कपाळाला हात लावून ताप बघतात.

"बुद्धप्रिया, हे काय हाय?"

"गेम हाय पप्पा."

"ते दिसून राहिलं. पण ह्यात मजा काय हाय?"

आता हा सवाल सरांनी विचारला नसता तर बरं झालं असतं. पण विचारला, आणि तिथून पुढं जो माणूस फसत गेला…

आनंदराज सर कोण ते सांगतो, कारण तुमच्यात बाहेरगावचेही असतील. विरूपाक्ष सरांच्या क्लासमध्ये फिजिक्स शिकवतात. विरूपाक्ष सर म्हणजे क्लासचे मालक, आणि तो क्लास म्हणजे खाली मेस, वर अभ्यासिका, मधल्या सगळ्या मजल्यांवर पोरं, आणि बाहेर भिंतभर डॉक्टर होऊ घातलेल्या लेकरांचे फोटो. त्यात आनंदराज सरांची ख्याती काय, तर स्पीड. त्यांचं वाक्यच होतं, "प्रश्न वाचायचा नसतो, ओळखायचा असतो." गणित बघायच्या आधी ट्रिक सांगणार. पोरानं विचारलं, "सर, पण असं का होतं?" तर म्हणणार, "ते डॉक्टर झाल्यावर बघ, आता पुढचं घे." नीटच्या परीक्षेत बरोबर आलं तर चार मार्क, चुकलं तर उणे एक. हे उणे एक सर असं उच्चारायचे की पहिल्या बाकावरची पोरं आपोआप मागं सरकायची.

आणि ह्यांच्याच घरात चप्पल निघाली. बरं, पोरीचे मार्क महिनाभर घसरत चाललेले. पेपरात प्रश्नच्या प्रश्न कोरे सोडून येत होती. सरांनी दोन आणि दोन चार केले. चप्पल आली, मार्क गेले, सिद्ध झालं. मोबाईल जप्त. पोरगी रडली का? नाही. भांडली का? नाही. रडली-भांडली असती तर परवडलं असतं. तिनं बोलणंच बंद केलं. जेवली का, तर "हाव." दूध पाहिजे का, तर "न्हाई." त्यांच्या मिसेस पंचशीलाताई सरकारी दवाखान्यात नर्स हायेत, त्या म्हणाल्या, "अहो, माझ्या वॉर्डातले सलाईन लावलेले पेशंट हिच्यापेक्षा जास्त बोलतात."

तेवढ्यात विरूपाक्ष सरांनी ह्यांना केबिनमध्ये बोलावलं. "आनंदराज, येत्या रविवारी पालक मेळावा हाय. मोबाईल अन् गेम, ह्या विषयावर तुम्ही बोलायचं. असं बोला की पालकांनी घरी जाऊन मोबाईल फोडले पाहिजेत."

आता दुसरा कुणी असता तर मोबाईल वाईट, डोळे बिघडतात, मान दुखते, एवढं बोलून चहा प्याला असता. पण हे पडले फिजिक्सचे. म्हणाले, ज्याला खोडून काढायचं त्याची आधी तपासणी झाली पाहिजे. ह्यात मजा काय हाय ते एकदा नीट बघतो, आणि मेळाव्यात तिचे तुकडे तुकडे करतो. म्हणून सुट्टीच्या दुपारी कपाटातून मोबाईल काढला, चष्मा पुसला, आणि बसले.

पहिल्या उडीला चप्पल मोरीत. सरांनी आपोआप मान खाली घातली, की आता कापले मार्क. तर कुठं काय? चप्पल होती तिथं परत उभी. पुन्हा उडी, पुन्हा मोरीत. पुन्हा उभी. सर स्क्रीनवर चहूकडं शोधून राहिले, वर, खाली, कोपऱ्यात… स्कोर कुठंय? टाइम किती राहिला? किती चुकल्यावर बाद करतात? काहीच लिहिलेलं नाही. शेवटी पोरीच्या दारात गेले.

"बुद्धप्रिया, ह्यात टाइम दिसत न्हाई."

"टाइम न्हाई पप्पा."

"म्हणजे संपला?"

"न्हाई. टाइम न्हाईच."

अहो, ज्या माणसानं वीस वर्षं घड्याळ समोर ठेवून शिकवलं त्याला टाइम नाहीच म्हटल्यावर करायचं काय? पण पोरगी चार शब्द बोलली, हेही त्यांच्या ध्यानात आलं. मग पुढचं विचारायला परत गेले. मग परत. शेवटी तीच उठून शेजारी येऊन बसली.

आता त्या गेमची गंमत ऐका. ज्यांनी कुणी दोघा-तिघांनी घरात बसून ही बनवली असेल, त्यांची डोकी तिरकीच म्हणायची. आपल्यात म्हणतात ना, दारात चप्पल उलटी पडली की घरात भांडण होतं? तर इथं चप्पल खरंच उलटी पडली की घरातली सासू-सून भांडायला लागतात. "तुझ्या माहेरचा तवा," "तुमच्या लेकाची अक्कल…" आणि भांडण पेटलं की भांडी उडतात. लाटणं, परात, कढई, सगळं हवेत. आणि त्या उडत्या भांड्यांवर पाय देत देत चपलेनं वर चढायचं. पण उलटी चप्पल उडी मारू शकत नाही, आणि सुलटी झाली की भांडण मिटतं, भांडी खाली. म्हणजे उलटं होऊन भांडण लावायचं आणि परात पडायच्या आत सुलटं होऊन निसटायचं.

सरांना हे पटेना. म्हणजे विज्ञानाचा माणूस, असल्या गोष्टी मानत नाही, वर्गात चेष्टा करतो. पण उलटी चप्पल करायला अंगठा उचलंना. पोरगी म्हणाली, "पप्पा, तुम्ही तर रोज दारातल्या चपला सरळ करता, शेजारच्यांच्यासुद्धा." सर म्हणाले, "ती शिस्त हाय." आणि उलटी केली चप्पल. काय भांडण लागलं तुम्हाला सांगतो! सासूनं फेकलेली कढई पकडून चप्पल थेट माळ्यावर. आतून पंचशीलाताई धावत आल्या, की घरात हसतंय कोण. बाप-लेक दोघं हसून राहिले होते. बाईंनी काही विचारलं नाही, दार हळूच पुढं करून निघून गेल्या. नर्सला कळतं, कधी पेशंटला हलवायचं नाही.

पण पुढच्या खोलीत सर अडकले. तिथं बाजेवर एक आजोबा. ठार बहिरे. चप्पल उलटी करा, सुलटी करा, बाहेर भांडी आदळा, आजोबा ढिम्म. आणि पलीकडचं दार एवढं लांब की उडी पोचत नाही. सरांनी कागद घेतला. बाजेची लांबी, आजोबांचं वजन, म्हणाले ही तरफ हाय, ह्या टोकाला परात पडली की त्या टोकाला चप्पल उडणार. परात पाडली. आजोबांनी कूस बदलली. मग म्हणाले ही लंबकाची केस हाय, कंदिलाला लटकायचं. लटकले. पडले. तुम्हाला खोटं वाटंल, पण जेवढं फिजिक्स येत होतं तेवढं सगळं त्या म्हाताऱ्यावर वापरून झालं, म्हातारा हलला नाही.

"तुला माहीत हाय ना?" सरांनी पोरीला विचारलं.

"हाव."

"मग सांग की."

"सांगणार न्हाई."

"अगं, ट्रिक काय हाय ती सांग, पुढं सरकू."

"सांगितलं तर मजा जाईल पप्पा."

सर चिडले. चष्मा काढला, मोबाईल टीपॉयवर टाकला, म्हणाले, "बनवणाऱ्याचीच चूक हाय, ह्याला उत्तरच न्हाई." आणि हात बांधून बसले. चहा आला, चहा प्यायले. पोरगी मोबाईलकडं बघत होती म्हणून ह्यांनीही बघितलं. चप्पल बाजेच्या खाली गप्प पडलेली, सुलटी, जशी माणूस झोपताना काढून ठेवतो तशी. आणि आजोबा उठले. कण्हत उठले, पाय खाली सोडले, अंधारात चाचपडले, आपलीच समजून त्या चपलेत पाय घातला, आणि चालत चालत, एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, दार उघडून पलीकडं गेले.

एवढंच होतं. काहीच करायचं नव्हतं. गप बसायचं होतं.

आनंदराज सरांनी टीपॉयवरचा मोबाईल उचलला. मग म्हणाले, "हे माझ्या डोळ्यापुढंच होतं." आणि तुम्हाला सांगतो, त्या माणसाचा चेहरा असा झाला होता, की नीटचा निकाल लागल्यावर पोरांचा होतो ना, तसा नाही. तो वेगळा असतो, त्यात निम्मी खुशी भीती उतरल्याची असते. हा निव्वळ खुशीचा होता. ह्या वयात, बाथरूमच्या चपलेवरून.

मग आपणहून बोलायला लागले. जे कधी घरात बोललेले नव्हते ते. सर मूळचे औशाच्या पुढं किल्लारीकडचे. त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा शाळकरी होते. वडील पडलेल्या घरातून बाहेर निघाले नाहीत. आई, नीलाबाई, आणि हे, दोघं पत्र्याच्या शेडमध्ये. तेव्हा मदतीचे ट्रक यायचे, कपड्यांचे ढीग, चपलांचे ढीग. लोकांनी चांगल्या मनानं पाठवलेल्या, पण जोड्या सुटलेल्या. "माझ्या आईनं त्या ढिगात दिवसभर हुडकून मला चप्पल आणली," सर म्हणाले, "दोन्ही डाव्या. एक काळी, एक तपकिरी. वर्षभर त्याच घालून शेडच्या शाळेत गेलो. उजव्या पायाचा अंगठा सारखा बाहेर. पोरं म्हणायची, आनंदराज चालला की कळत न्हाई येऊन राहिला का जाऊन राहिला."

बुद्धप्रिया हसली. सरही हसले. मग हसता हसता मध्येच थांबले. म्हणाले, "बारावीला मेडिकल थोडक्यात हुकलं. आई म्हणाली, दुसऱ्यांदा बसायचं आपल्याला जमणार न्हाई बाबा. बरोबर होतं तिचं."

पोरगी मोबाईलकडं बघतच बोलली. "पप्पा, मी पेपर कोरा ह्या गेममुळं सोडत न्हाई. मला उत्तर येत असतं. पण चुकलं तर उणे एक, हे तुमच्या आवाजात ऐकू येतं अन् हात थांबतो. हिच्यात पडायची भीती वाटत न्हाई म्हणून मी खेळते."

तुमच्या आवाजात, म्हणाली. सरांना म्हणायचं होतं, की पड बाळा, कितीही वेळा पड, परत उभं राहता येतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण माणूस वीस वर्षं एकच वाक्य बोलत आला की दुसरं वाक्य घशातून निघत नाही. फक्त म्हणाले, "हं. पुढची खोली लाव."

आला रविवार. हॉल गच्च. उदगीरचे, देगलूरचे, नांदेडचे पालक, काही तर पहाटेच्या एसटीनं आलेले. विरूपाक्ष सर पहिल्या खुर्चीवर. आनंदराज सर माईकपुढं आले.

"पालकहो, माझ्या मुलीच्या मोबाईलमध्ये एक चप्पल हाय. मी स्वतःला विचारलं, ह्यात मजा काय हाय?"

आता ठरल्याप्रमाणं पुढचं वाक्य होतं, की काहीही नाही. सरांनी तोंड उघडलं, आणि ते वाक्य येईना. हॉल वाट बघतोय. विरूपाक्ष सर मान हलवून राहिले, बोला बोला. आणि सर बोलले.

"मजा अशी हाय, की ती चप्पल पडली की कुणी तिच्याकडं बघत न्हाई. किती वेळा पडली हे कुणी मोजत न्हाई. पडली तिथंच परत उभी राहती, पहिल्यापासून सुरू करावं लागत न्हाई. अन् समोरचं कोडं कोणत्या चॅप्टरचं हाय ते लिहिलेलं नसतं, म्हणून बघत बसावं लागतं. म्हातारा काय करतो, परात कुठं पडती, सगळं बघावं लागतं. सासू काय बोलती ते ऐकून हसू येतं, अन् हसता हसता कधीतरी दिसतं, अरे, हे असं हाय. ते मला कुणी सांगितलेलं नसतं, ते माझं असतं. पालकहो, मी तुमच्या लेकरांना रोज सगळं आधीच सांगून टाकतो. त्यासाठीच तुम्ही त्यांना इथं ठेवता. पण सांगताना मी त्यांच्याकडून काय काढून घेतो, ते मला परवा एका बहिऱ्या म्हाताऱ्यानं दाखवलं."

एक-दोन आया पदरानं डोळे पुसून राहिल्या. सरांना वाटलं, पोचलं. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी खरं बोललो आणि ते पोचलं. तेवढ्यात मागून एक हात वर झाला.

"सर, ह्यानं रँक किती वाढती?"

सर काही बोलायच्या आत विरूपाक्ष सर उठले. आनंदराज सरांना वाटलं, संपली आपली नोकरी. त्यांची मनाची तयारीपण झाली. पण विरूपाक्ष सर चिडलेच नव्हते हो. चिडले असते तर किती बरं झालं असतं. त्यांनी माईक हातात घेतला, सरांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि म्हणाले, "आनंदराज सर जे सांगून राहिलेत ना, तेच आम्ही ह्या वर्षीपासून सुरू करतोय. 'खेळता खेळता नीट.' मर्यादित जागा."

टाळ्या. नावनोंदणी तिथंच, जिन्याखाली.

पुढं काय झालं ते सांगतो, पण मन घट्ट करून ऐका. क्लासनं कुठून तरी स्वतःची चप्पल बनवून घेतली. पट्ट्यावर स्टेथोस्कोप लावला. सासू-सुनेचं भांडण काढून टाकलं, पालकांना आवडणार नाही म्हणून. आजोबा ठेवले, पण आता त्यांच्यापुढं गेलं की ते विचारतात, "माझे वस्तुमान इतके, बाजेची लांबी इतकी, तर चपलेवरील बल काढा," आणि खाली चार पर्याय. कोपऱ्यात घड्याळ. गप बसलं तर टाइम आउट. आणि चप्पल पडली की उणे एक, आणि त्याच मिनिटाला आईबापाच्या मोबाईलवर मेसेज, "आपला पाल्य आत्ता पडला आहे."

आनंदराज सर केबिनमध्ये गेले. "सर, पडल्यावर मार्क कापायचे न्हाईत. त्यातच तर सगळी मजा हाय."

विरूपाक्ष सर अगदी प्रेमानं म्हणाले, "आनंदराज, मार्क कापले न्हाईत तर पोरगं पडायचं थांबंल कसं?"

ह्याला उत्तर द्या तुम्ही. सरांनी राजीनामा द्यायचं ठरवलं होतं, खरंच ठरवलं होतं. पण पोरगी त्याच क्लासात, परीक्षा तोंडावर, आणि लातुरात एका क्लासमधून निघालं तरी माणूस जाणार कुठं, तर समोरच्या क्लासमध्ये. राजीनामा द्यायला म्हणून आत गेले आणि चप्पल बॅचचे इनचार्ज होऊन बाहेर आले.

पोरीलाही ती बॅच सक्तीची. थोड्या दिवसांनी जेवताना म्हणाली, "पप्पा, मी ती आपली चप्पल मोबाईलमधून काढून टाकली."

"का ग?"

"ती दिसली की आता तिथंही उणे एक ऐकू येतं."

सरांनी घास तसाच ठेवला. पंचशीलाताईंनी आमटी वाढली, सरांना दिसली नाही.

परीक्षा झाली. निकाल लागला. बुद्धप्रियाला मेडिकल मिळालं नाही, जवळपाससुद्धा नाही. सरांनी तिची उत्तरं तपासली तर एकही प्रश्न कोरा नव्हता. सगळे सोडवलेले, आणि लई चुकलेले. "हे काय केलंस?" त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "ह्या वेळी हात थांबू दिला न्हाई पप्पा. पडले, पण समद्या उड्या मारल्या." सर म्हणाले, "बरं केलंस." हे दोन शब्द काढायला माणसाला किती जड गेलं असेल, ते तुम्ही-आम्ही सांगू शकत नाही. पोरगी आता नांदेडला कॉम्प्युटरचं शिकते, हॉस्टेलला असते. फोन करते, बोलते बापाशी.

आणि सर? सर रोज बॅच घेतात. पोरं उडी मारायच्या आधी ह्यांच्या तोंडाकडं बघतात, की सर सांगतील कधी मारायची. सर सांगतात. काय करणार. अजूनही मधूनच एखाद्या पोराच्या खांद्याशी वाकून म्हणतात, "थांब जरा, नुसतं बघ." पोरगं घाबरून घड्याळाकडं बघतं.

परवाचीच गोष्ट. उमरीहून भुजंगराव नावाचे एक गृहस्थ आले, मळकं धोतर, हातात पिशवी, डोळ्यांत काळजी. लेकरू वर्गाबाहेर उभं करून आत आले, आणि इकडं-तिकडं बघत हळू आवाजात म्हणाले, "सर, राग धरू नका. पोरगं बाकी समद्यात हुशार हाय, पण तेवढं चपलीत कच्चं हाय. त्याची वेगळी शिकवणी मिळंल का?"

आनंदराज सरांनी दारातून बाहेर उभ्या लेकराकडं बघितलं. मग वही ओढली आणि म्हणाले, "हाय. पहाटेच्या बॅचला जागा हाय. उद्यापासून पाठवा."